आम्ही जिंकलो

९ फेब्रुवारी

ताई,

माझं सगळं बदललं ते एका शब्दावरून. 'आम्ही'.

तू हसशील, पण आधी पूर्ण वाच. फोन का लागत नाही म्हणून तू काकांचा जीव खाते आहेस असं कळलं. फोन नाही. तो मी बस स्टँडच्या भिंतीवर फोडला. काकांच्या फोनवरून बोलायचं नाही, कारण काका शेजारी उभं राहून ऐकतात आणि मध्येच उत्तरंही देतात. म्हणून पत्र. मी काकांच्या गॅरेजमध्ये आहे, चेपलेले पत्रे ठोकून सरळ करतो. कॉलेज सोडलं. बाबांना सांगू नकोस.

आमच्या पट्ट्याबद्दल तू नेहमी अर्धंच ऐकलंस, म्हणून परत सांगतो. पत्रा कापायची प्रेस असते ना, बाबा चालवायचे ती. हाताने पत्रा आत सरकवायचा, पायाने पेडल दाबायचं, वरचा साचा धाडकन खाली येतो. एखाद्या दिवशी हात आत राहतो. बाबांचा राहिला. आम्ही केलं ते इतकंच: दोन्ही मनगटांना चामड्याचे पट्टे, पट्ट्यांना तारा, आणि त्या तारा चाकांवरून नेऊन वरच्या साच्याला जोडलेल्या. साचा खाली यायला लागला की तोच तारा ओढतो आणि माणसाचे हात मागे खेचले जातात. त्याची इच्छा असो नसो.

ती स्पर्धा कॉलेजच्या मुलांसाठी असते. लोकांच्या उपयोगाचं काहीतरी बनवून दाखवायचं, पसंत पडलं तर ते खरोखर उभं करायला निधी देतात. आम्ही तिघं उतरलो. कॅप्टन, लांब्या आणि मी. वर्षभर कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मातीने भरलेले हातमोजे साच्याखाली ठेवून फोडले. पट्टा जरा सैल राहिला की मोजा फुटायचा, माती भिंतीवर उडायची. मी तर बाहेर जाऊन यायचो.

कॅप्टनबद्दल मला काय वाटतं ते तुला माहीत आहे. त्यावर तू जे बोललीस तेही माझ्या लक्षात आहे. पहिल्या फेरीचा निकाल लागला की तिला सांगायचं ठरवलं होतं. शर्टाला इस्त्री केली होती, ताई. मी.

निकाल लागला तेव्हा मी स्पर्धेच्या इमारतीत खाली पाणी प्यायला गेलो होतो. वर आलो तर ती पॅसेजच्या टोकाला उभी. लांब्याचा हात तिच्या खांद्यावर. तिने मला पाहिलं, तोंडभर हसली आणि म्हणाली, "आम्ही जिंकलो."

'आपण' नाही. 'आम्ही'. माझ्या तोंडावर.

'आपण' म्हटलं की समोरचा आत येतो आणि 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर राहतो. हे काय शाळेत शिकावं लागतं? म्हणजे जिंकले ते दोघं. बोटं कुणाच्या बाबांची गेली होती? पट्ट्याची कल्पना कुणाची होती? डोक्यात अशी तिडीक गेली की काही ऐकू येईना. लांब्याला कॉलरला धरून बाजूच्या खोलीत ओढला. पहिला ठोसा तोंडावर. त्याचा दात लागून माझीच बोटं फाटली. दुसरा पोटात. तो खाली वाकला, चष्मा माझ्या बुटाखाली आला, तोही चुरला. त्याने हात उचलला नाही माझ्यावर, याचाच जास्त राग आला. मग मी बाहेर पडलो, दार लावलं आणि निघालो.

दुखत वगैरे काही नाही मला. पण जवळचं हॉस्पिटल तुझंच, म्हणजे तो तुझ्याकडेच आला असणार. कसा आहे ते कळव. काळजी म्हणून विचारत नाही.

तुझा,
भडकू


१६ फेब्रुवारी

भडकू,

लहानपणी तुला हे नाव मी ठेवलं तेव्हा मला वाटलं होतं, मोठा झालास की सुटेल. आता ते पाटीवर लिहून गळ्यात घाल.

तुझा लांब्या आमच्या वॉर्डात होता. ओठाला टाके, एक दात अर्धा. हे तुझे दोन ठोसे. ते तू अभिमानाने लिहिलेस. पण त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं चेचली गेली आहेत, त्याबद्दल तुझ्या पत्रात एक अक्षर नाही. मी ते पत्र तीनदा वाचलं. "दार लावलं आणि निघालो." असं दार लावतात?

ड्रेसिंग मीच करते त्याचं. एक नख निघालं. मधल्या बोटाचं हाड सांधलं जाईल, शेजारच्या बोटाचं टोक काढावं लागलं. चष्म्याशिवाय त्याला माझा चेहरा दिसत नव्हता, म्हणून मी कोण ते त्याला कळलं नाही. मी विचारलं, हे कसं झालं रे? म्हणाला, वाऱ्याने दार आपटलं. ठोसे? म्हणाला, त्याच दाराने. इतकं हुशार दार मी पाहिलं नाही. ती इमारत मला माहीत आहे, सगळीकडे बंद काचा आणि एसी. तिथे वारा यायला अर्ज करावा लागेल.

आणि अजून एक. डॉक्टर म्हणाले, मार एकदा बसलेला नाही, दोनदा बसलाय. वारा दोनदा आपटत नाही, भडकू. मला फक्त एवढंच सांग, तुला चौकटीवरचा हात दिसला होता का?

तुझ्या कॅप्टनला भेटले. रडत वगैरे नव्हती, चिडलेली होती. तिच्याकडून कळलं की मार्च संपताना शेवटची फेरी आहे. परीक्षकांसमोर पट्टा चालवून दाखवायचा आणि अर्जावर ज्यांच्या सह्या आहेत ते तिघंही हजर पाहिजेत. एक जरी कमी असला तरी निधी दुसऱ्या टीमला. तिने पत्ता मागितला, मी दिला. शिव्या खायची तयारी ठेव.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

तर हा आता माझ्यावर उपकार करणार. वारा म्हणे. मी मारलं ते चारचौघांत सांगायची धमक नाही, आणि वर आपण किती मोठ्या मनाचे. मला त्याचा वारा नको. मी येतो शेवटच्या फेरीला, नक्की येतो, आणि सगळ्यांसमोर त्याच्या दुसऱ्या हाताचंही बघतो. मग सांगू दे वादळ आलं म्हणून.

दोनदा वगैरे डॉक्टरांच्या गप्पा आहेत. हात दिसला नाही. रागात माणसाला काय दिसतं?

इथेही काही बरं चाललेलं नाही, लपवून उपयोग नाही, काका सांगतीलच. परवा एक गिऱ्हाईक आलं. गाडीचा दरवाजा चेपलेला. मी ठोकत होतो. तो मागे उभा राहून कुणाला तरी सांगत होता, ही शिक्षण अर्धवट टाकलेली पोरं, यांच्याकडून काय सरळ होणार. मी हातोडा खाली ठेवला नाही. त्याच्या गाडीची समोरची काच फोडली. एकदा नाही, पूर्ण आत जाईपर्यंत. काचेचे तुकडे माझ्या मानेत गेले. तो ओरडत पळाला. काकांनी मला सगळ्यांदेखत कानाखाली दिली आणि मी काकांची कॉलर धरली. काकांची, ताई. ज्यांच्या खांद्यावर बसून मी मिरवलोय. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "सोड, नाहीतर शर्ट फाटेल, आणि तो तुझ्या काकूने शिवलाय." मी सोडली. तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. "तो पाना दे." "तो पत्रा धर."

तुझा वारा, तुझे डॉक्टर, सगळं राहू दे. तिने 'आम्ही' म्हटलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं आणि माझ्याकडे बघूनच म्हटलं. याचं उत्तर आहे का कुणाकडे?

भडकू


५ मार्च

तुझ्या ताईंकडून तुझं खरं नाव कळलं. भडकू. शोभतं.

'आम्ही'चा सगळा प्रकार त्यांनी मला सांगितला. मला वाटलं चेष्टा करताहेत. मी आईशी फोनवर बोलत होते. कानात इअरफोन होते, केस मोकळे होते, तुला दिसले नसतील. आईला सांगत होते, आम्ही जिंकलो. तिला काय 'आपण जिंकलो' म्हणू? आई होती का आपल्या टीममध्ये? मातीचे मोजे भरले होते का तिने? तेवढ्यात तू जिन्यातून वर आलास आणि मला आनंद झाला म्हणून मी तुझ्याकडे बघून हसले. त्या 'आम्ही'त तू होतास, मूर्खा. पहिलाच तू होतास. फोन ठेवून तुला 'आपण' म्हणणार होते, तेवढी उसंत तू दिली नाहीस.

लांब्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता कारण त्याला चक्कर येत होती. दोन दिवस जेवला नव्हता निकालाच्या भीतीने. आता तुला हेही विचारायचं असेल की मला तो आवडतो का. तो प्रश्न तुझा नाही. कधी नव्हता.

आता कामाचं. लांब्या वारा म्हणाला ते तुझ्यासाठी नाही. मारामारी झाली असं कळलं तर मारणारा टीममधून बाद होतो, आणि तू बाद म्हणजे तिघं हजर नाहीत, म्हणजे पट्टा बाद. एवढंच त्याचं गणित. तुझं नाव अजून कॉलेजच्या पटावर आहे, कारण नाव काढायचा अर्जसुद्धा न देता तू पळालास. तुझा आळस पहिल्यांदाच कामाला आला.

तुझे बाबा ज्या शेडमध्ये कामाला होते तिथेच आपण पहिले पट्टे लावणार होतो. गेल्या आठवड्यात मी तिथे तारांचं माप घ्यायला गेले. मी आत असताना एका बाईंचा हात गेला. त्याच मशीनमध्ये, तुझ्या बाबांच्या. आवाज वेगळा येतो, भडकू. मातीच्या मोज्यासारखा येत नाही. त्या किंचाळल्यासुद्धा नाहीत, पेडलवरचा पाय काढायचा विसरल्या. साचा परत खाली आला. मी त्यांचा पाय धरून बाजूला ओढला. दुपारपर्यंत मशीन धुऊन पुन्हा सुरू.

लांब्याचा उजवा हात आता बँडेजमुळे पट्ट्यात बसत नाही. मला तारांकडे बघायला लागतं, पेडल लांब्या दाबेल. हात तुझे लागतील. राग आणायचा असेल तर आण, पण ये.

कॅप्टन


१३ मार्च

ताई,

तिचं पत्र आलं. काय लिहू.

गॅरेजमागे जुन्या दरवाज्यांचा ढीग आहे, मोडीत निघालेल्या गाड्यांचे. काल मी हातोडा घेऊन त्यातला एक सपाट केला, पार पत्रा फाटेपर्यंत. काका चहा घेऊन आले, बघत उभे राहिले आणि म्हणाले, हा बरा आहे, हा उलट बोलत नाही. मग कप माझ्या हातात दिला आणि गेले.

मी लांब्याला आता काय म्हणू? चुकलो म्हणू? चुकलो हा शब्द बस चुकली तर म्हणतात.

त्या बाईंचा हात कुठवर गेला ते कॅप्टनने लिहिलेलं नाही. तुझ्याकडे आल्या का त्या?

भडकू


१८ मार्च

भडकू,

आल्या. मनगटापर्यंत. आणखी विचारू नकोस.

बाबांना मी काही सांगितलं नाही. पण शेडमधलं त्यांना कळलं आणि ते त्या बाईंना बघायला इथे आले. तेव्हा लांब्या ड्रेसिंगला बसला होता. बाबा त्याच्याशेजारी बसले. नाव-गाव काही विचारलं नाही. नुसतं त्याच्या हाताकडे बघितलं आणि आपला हात पुढे केला, उरलेला अंगठा आणि पंजा. मग स्वतःच्या शर्टाचं वरचं बटण काढून परत लावून दाखवलं त्याला, अंगठ्याने कसं ढकलायचं ते. लांब्याला जमेना. बाबा त्याला हसले, तू हसतोस तसं, वाकड्या तोंडाने. म्हणाले, "पहिलं वर्ष टी-शर्टच घाल." मी ट्रे घेऊन तशीच उभी होते. ते बाप कुणाचे ते लांब्याने ओळखलं असावं, कारण ते गेल्यावर त्याने मला विचारलं, "ताई, तो येतोय का?" म्हणजे मी कोण तेही त्याला कधीचं माहीत होतं.

त्याने तुझं नाव घेतलं नाही. 'तो' म्हणाला.

मी काही सांगितलं नाही. ते तू ठरव. आलास तर माझ्याकडे उतर, पण भांडण घेऊन येणार असशील तर तिकिटाचे पैसे वाचव. आणि मी एक प्रश्न विचारला होता, त्याचं खरं उत्तर अजून आलेलं नाही.

ताई


३१ मार्च

ताई,

मी येऊन गेलो. तुझ्याकडे उतरलो नाही, रागावू नकोस. काकांनी स्वतः बसमध्ये बसवलं आणि खिडकीतून म्हणाले, "काच फोडू नकोस, ती मला बसवता येत नाही." महिन्याभरातलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य.

तीच इमारत. आम्हाला दिलेली खोलीही तीच, मुद्दाम दिल्यासारखी. दाराच्या चौकटीवर कोपऱ्यात एक काळपट डाग राहिलाय. पुसणाऱ्याला दिसला नसेल, मला दिसला. आत प्रेस आणून ठेवलेली. कॅप्टन तारा तपासत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाह्या वर कर." लांब्या खुर्चीवर बसला होता, टी-शर्टमध्ये. मी सबंध रस्ता काय काय पाठ करत आलो होतो. मी बाह्या वर केल्या.

तुला सांगितलंय ना, पट्ट्याची लांबी प्रत्येकाच्या हाताप्रमाणे बसवावी लागते. तेवढंच एक काम त्यात अवघड, आणि ते पहिल्यापासून लांब्याचं. माझ्या मनगटाला पट्टा त्याने बांधला, डाव्या हाताने आणि दातांनी. तो खाली वाकला तेव्हा त्याचा अर्धा दात माझ्या मनगटाला लागला. मी फोडलेला. सूड घ्यायला एक भोक चुकवणं पुरे होतं त्याला, ताई. एक भोक सैल ठेवलं असतं तरी कुणाला कळलं नसतं, आणि माझे दोन्ही पंजे त्या साच्याखाली राहिले असते. त्याने पट्टा ओढून बघितला, मग परत सोडून एक भोक आणखी घट्ट केला.

परीक्षक चौघं होते. त्यांच्यातल्या मुख्य बाई पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. ठरलं होतं की आधी मातीचा मोजा ठेवून दाखवायचा. मी मोजा उचलला आणि बाजूला फेकला. कॅप्टन माझं नाव घेऊन ओरडली, पण तोवर मी दोन्ही हात आत घातले होते. मुद्दाम पार आत. लांब्याकडे बघितलं. पेडल त्याच्या पायाखाली होतं.

"दाब," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. इतका वेळ कधी कुणी बघितलं नसेल माझ्याकडे. मग त्याने दाबलं.

खांदे उखडले असं वाटलं. पट्ट्यांनी मला असं मागे फेकलं की मी बुटांसकट घसरलो. साचा रिकाम्या पोलादावर आपटला, खोलीतल्या काचा वाजल्या. मी बोटं मोजली. होती. मनगटांवर कातडी सोलून निघाली होती आणि रक्त चामड्यात उतरत होतं, पण बोटं होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाई उठून आल्या, माझे हात उलटेपालटे करून बघितले, आणि मग त्यांचं लक्ष लांब्याच्या बँडेजकडे गेलं.

त्यांनी विचारलं, हे यातच झालं का. लांब्या म्हणाला, नाही, दाराने, वाऱ्याने. बाईंनी बंद काचांकडे बघितलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "हात वाचवायचं यंत्र घेऊन आलात, तुमच्यातल्याच एकाची बोटं गेलीत, आणि तुम्ही मला वारा सांगता. मी हे यंत्र कुणाच्या हाताला बांधू?"

कॅप्टनने मान खाली घातली. लांब्या परत वाराच म्हणाला. बाईंनी फाइल मिटली. झालं, ताई. वर्षभराची माती, त्या शेडमधलं मशीन, सगळं त्या फाइलबरोबर मिटत होतं. आणि माझ्या डोक्यात तीच तिडीक उठली, तीच, ओळखीची. फक्त मारायला समोर कुणी नव्हतं.

"दार मी आपटलं," मी म्हटलं. "दोनदा. पहिल्यांदा याचा हात दिसला नव्हता. दुसऱ्यांदा दिसला होता."

हे तुझं उत्तर, ताई. तुला आधी द्यायला हवं होतं.

बाईंनी लांब्याला विचारलं, खरं का. तो हो म्हणाला. "म्हणजे यंत्राचा दोष नाही," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, नाही. मग त्यांनी फाइल परत उघडली आणि माझ्याकडे न बघता सांगितलं की मारणाऱ्याला टीममध्ये जागा नाही, हजेरी लागली आहे, आता मी गेलं तरी चालेल. आवाज चढवला नाही त्यांनी. काकांनीही चढवला नव्हता.

मी पट्टे सोडायला लागलो. बकल उघडेना, हात सुजले होते. लांब्या उठला आणि डाव्या हाताने एकेक बकल काढलं. त्याच्या बँडेजला माझं रक्त लागलं. मी म्हटलं, "लांब्या." तो म्हणाला, "जा आता."

मी दारापाशी पोहोचलो तेव्हा मागे बाई विचारत होत्या की त्या शेडमध्ये पट्टे बसवायचं काम कोण करणार, लिहून घेते.

"आम्ही," कॅप्टन म्हणाली.

त्या 'आम्ही'त कोण कोण होतं ते मी विचारलं नाही. वळूनही बघितलं नाही. बाहेर आलो, चौकटीवर कुणाचा हात नाही ना ते वरपासून खालपर्यंत बघितलं, दाराची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि दार आवाज न करता लावून घेतलं.